म्हशीची हळद

कल्पेशला काहीही विकत घ्यायचं असलं की तो ते आधी भिजत घालायचा. शब्द त्याचाच. आमच्या बाजूला वाल भिजत घालतात, मग फडक्यात बांधून मोड यायची वाट बघतात. कल्पेशने हेच बुटांना लावलं, हेडफोनला लावलं, जीन्सलाही लावलं.

"काय रे, घेतलेस का बूट?" मी विचारायचे.

"भिजत घातलंय ताय."

"किती दिवस?"

"पुढच्या पगारापर्यंत. मोड आले तर घेऊ."

बहुतेक वेळा मोड यायचे नाहीत. पुढचा पगार होईपर्यंत बुटांची हौस कुजून जायची आणि हा जुनेच बूट चिकटवून आणायचा. कंपनीतली पोरं त्याला भरपूर पिडायची. कँटीनवाला तर रोज विचारायचा, "चहा घेतोस का भिजत घालू?" कल्पेश हसायचा आणि पाणी पिऊन कामाला लागायचा.

आता वाचणाऱ्याला वाटेल की लहानपणापासूनच शहाणं असलेलं एखादं पोर असेल. तसं काही नव्हतं. जन्मापासून शहाणी असलेली माणसं मला स्वतःलाच सहन होत नाहीत, त्यांच्यावर मी दोन ओळीसुद्धा लिहिल्या नसत्या. कल्पेश पहिल्यांदा आमच्या कंपनीत आला तेव्हा एक नंबरचा उधळ्या होता.

मुरबाडच्या एमआयडीसीत आमची प्लॅस्टिकच्या क्रेटची कंपनी आहे. मी तिथं डिस्पॅचला. हा आयटीआय करून पॅकिंगला लागला, विशीतला पोरगा. गाव म्हसा नावाच्या गावाच्या पुढे, आत. वडील शाळेत असतानाच गेलेले. घरी आई, सुनंदा तिचं नाव, आणि भाताचा एक लहान तुकडा. त्या तुकड्यातलं भात वर्षाला पुरत नाही म्हणून आई दुसऱ्यांच्या शेतावर जायची. पोराला पगार सुरू झाला तेव्हा तिला केवढा आनंद झाला असेल, ते सांगायला नको. पण पोराचा पगार घरी यायच्या आधीच हळदीत जायचा.

हळद म्हणजे काय हे आमच्या भागाबाहेरच्यांना सांगावं लागतं. आमच्याकडे लग्न दुपारी कधीतरी लागतं, त्याला लोक जेवायला येतात आणि जातात. खरं काय ते हळदीला. मांडव, मटण, डीजे, आणि नवऱ्यामुलाच्या दोस्तांनी घातलेले एकाच रंगाचे कुर्ते. एका हळदीला घातलेला रंग दुसऱ्या हळदीला चालत नाही. आणि मग आहेर. आहेर आमच्याकडे पाकिटात घालून गुपचूप देत नाहीत, तो माईकवर पुकारतात. कल्पेशच्या गावात हे काम जगनमामाकडे. जगनमामाचा आवाज असा, की पाचशे एक म्हटले तरी ऐकणाऱ्याला पाच हजार वाटावेत. "आमच्या गावचा हिरा, नवऱ्यामुलाचा जिगरी दोस्त, कल्पेशशेठ यांच्याकडून पाच हजार एक रुपये!" मागे डीजेवाला एक ठोका देणार, पोरं शिट्ट्या मारणार. हा गर्दीत उभा राहून कॉलर नीट करणार.

त्या एका ठोक्यापायी पोरगा बुडाला, असं मी आजही म्हणते. दारू नाही, जुगार नाही. मे महिन्यात एकामागून एक हळदी, आणि फोनवर दोन मिनिटांत पैसे देणारे ते ॲप. आधार कार्डाचा फोटो टाकला, स्वतःचा चेहरा दाखवला की पैसे खात्यात. एकाचा हप्ता थकला की दुसऱ्याकडून घ्यायचे. वर मोटारसायकल हप्त्यावर, कारण हळदीला बसने गेलं तर काय शोभा?

मला हे कळलं ते एका फोनमुळे. दुपारी डिस्पॅचला गाडी भरत होतो आणि कोणीतरी हिंदीत विचारलं, कल्पेशला ओळखता का. मी हो म्हटलं, आणि त्या माणसाने मला, माझ्या घरातल्यांना आणि कल्पेशच्या आईला अशा शिव्या दिल्या की मी हातातलं चलन खाली ठेवलं. मी काही गरीब गाय नाही, मीही ठेवणीतलं ऐकवलं. मग कळलं, फोन सगळ्यांनाच आलेत. पोराच्या मोबाईलमधले सगळे नंबर त्यांनी उचलले होते. संध्याकाळी डिपार्टमेंटच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला, खाली लाल अक्षरात 'चोर'. तो काढून टाकायची अक्कल कोणाला झाली नाही. चारचौघांनी तर खाली हसणारी तोंडं टाकली.

मला वाटलं, हा आता कामावर यायचा नाही. दुसऱ्या दिवशी आला. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये डबा टेबलावर ठेवला आणि न उघडता उभा राहिला.

"माझ्या नावाने तुमाला फोन आला असंल," तो म्हणाला. "खरं हाय ते. चार ॲपचे हायेत, गाडीचा हप्ता हाय, दोघांचे हातउसने हायेत. चोरलं कुणाचं नाय. फेडणार हाय. परत फोन आला तर सांगा, तो इथंच बसलाय, पळून नाय गेला. आता ज्याला हसायचंय त्यानं हसून घ्या, अर्ध्या तासानं मला कामाला जायचंय."

एवढं बोलून तो खाली बसला आणि जेवला. कोणी हसलं नाही. त्या दिवसापासून हा पोरगा मला आवडायला लागला.

मग त्याने जे केलं त्यात चमत्कार काही नव्हता, नुसता कंटाळा होता. कंटाळा न करता कंटाळवाणं काम करत राहणं हे माझ्या मते फार थोड्यांना जमतं. मोटारसायकल तोट्यात विकली आणि कंपनीच्या बससाठी नाक्यापर्यंत चालत यायला लागला. ॲप पुसून टाकले. कर्ज फेडायला नवं कर्ज घ्यायचं नाही एवढी एक शपथ घेतली. आधी सगळ्यात लहान रक्कम मारली, मग त्याच्यावरची. मी त्याला शिकवायला गेले, "अरे, ज्याचं व्याज जास्त ते आधी फेडावं."

"बरोबर हाय ताय," तो म्हणाला. "पण लहान दोन मेली का दोन फोन वाजायचे थांबतील. मला आधी झोप पायजे. हिशोब नंतर."

पगाराच्या दिवशी त्याचा एक क्रम ठरलेला होता. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की आधी आईला घरखर्चाचे, मग हप्ते, मग पोस्टात थोडेसे. हो, कर्ज असतानाच पोस्टात टाकायला त्याने सुरुवात केली. म्हणायचा, फेडून झाल्यावर सवय लावायला बसलो तर तोवर परत हळदी येतील. हे सगळं झालं की माझ्या टेबलाशी यायचा. "ताय, आजचा चहा तुझा." पगाराच्या दिवशीचा चहा माझ्याकडे हे आमचं न बोलता ठरून गेलं होतं.

नव्या पोरांच्या मागे तो भुतासारखा लागायचा. कोणी पहिल्या पगारात हप्त्यावर फोन घ्यायला निघाला की सुट्टी झाल्यावर त्याच्याबरोबर दुकानापर्यंत चालत जायचा, आणि दाराशी उभा राहून विचारायचा, "भिजत घातला होतास का?" दोनतीन पोरं वाचली त्याच्यामुळे. बाकीची चिडली. एकाने तोंडावर सांगितलं, तू भिकारी झालास म्हणून आम्ही पण व्हायचं का? कल्पेश नुसता "नको होऊस" म्हणाला.

कंपनीत चालून गेलं, पण गावात चालत नव्हतं. त्याच सुमारास त्याच्या एका जिगरी दोस्ताची हळद होती. कल्पेश आदल्या दिवशी दोस्ताच्या घरी गेला आणि सांगून आला की यंदा आहेर नाही, कुर्ताही नाही, पण दोन दिवस पडेल ते काम करीन. आणि केलं. पाणी भरलं, पोतंभर कांदे कापले, पंगतीला वाढलं. मलाही त्या हळदीचं आमंत्रण होतं, डोळ्यांनी बघितलं. एकाच रंगाच्या कुर्त्यांत दोस्त नाचत होते आणि हा जुन्या टीशर्टात मटणाची बादली घेऊन फिरत होता. चेहरा मात्र अगदी मजेत. त्याला खरंच काही वाटत नव्हतं.

मग आहेर सुरू झाला. नावं पुकारून झाली आणि जगनमामाला लहर आली. "आता एक विशेष आहेर! आमचे कल्पेशशेठ यांच्याकडून... एक पोतं कापलेले कांदे!" डीजेवाल्याने ठोका दिला. अख्खा मांडव हसला. म्हाताऱ्या हसल्या, पोरं हसली, ज्याची हळद होती तोही हसला. कल्पेशने बादली खाली ठेवली, सगळ्यांना हात जोडले आणि परत वाढायला लागला. हसण्यावारी नेलं त्याने.

बायकांच्या घोळक्यात त्याची आई बसली होती, माझ्यापासून दोन बायका सोडून. ती हसली नाही. तिने पदर तोंडाशी धरला आणि खाली बघत बसली. मी तेव्हा ते बघितलं, पण त्याचं पुढे काय होणार आहे हे मला कसं कळणार?

शेवटचा हप्ता संपला तेव्हा त्याने पेढे आणले नाहीत. मोठ्या डब्यातून वालाची उसळ आणली, आईच्या हातची, सगळ्या डिपार्टमेंटला. "मोड आले!" असं ओरडतच आत आला. त्या दिवशी कँटीनवाल्याने त्याला फुकट चहा दिला. आणि पठ्ठ्याने तो घेतला.

पुढे प्राची आली. शहापूरकडची मुलगी, आसनगावच्या बाजूला एका गोडाऊनमध्ये कामाला. कोणाच्या तरी साखरपुड्यात दोघांची ओळख झालेली. एकदा गेटवर त्याला भेटायला आली तेव्हा मी तिला गंमतीने विचारलं, कसं काय पटलं गो हे ध्यान? तर म्हणाली, "ताई, यानं मला विचारलं आणि वर म्हणाला, घाई नको, महिनाभर भिजत घाल. मी म्हटलं, माझे मोड कालच आले." मला ती फार आवडली.

दोघांनी मिळून ठरवलं होतं की लग्नात एक रुपयाचा हप्ता करायचा नाही. हळद घरातल्या घरात, लग्न देवळात, जेवण वरणभाताचं. पोस्टात जे साठलं होतं त्याला हात लावायचा नाही, कारण प्राचीला नर्सिंगचा कोर्स करायचा होता आणि ते पैसे त्या फीसाठी होते. कल्पेश मला म्हणायचा, "ताय, माझ्या घरात पयल्यांदा कोणतरी पांढऱ्या ड्रेसमध्ये कामाला जाणार हाय." हेच त्याचं स्वप्न. बूट नाहीत, गाडी नाही. हे एकच असं होतं जे त्याने भिजत घातलं नाही.

हळदीच्या दिवशी आम्ही कंपनीतले चौघेजण सकाळीच गेलो. घरगुती म्हणाला होता म्हणून मी साधी साडी नेसले होते. गावात शिरलो तर रस्ताभर पताका. त्याच्या घरापुढे केवढा तरी मांडव. आणि मांडवाच्या तोंडाशी डीजेची गाडी उलटी लावून दोन माणसं भोंगे उतरवत होती.

कल्पेश गाडीसमोर उभा होता. आदल्या दिवशी प्राचीच्या घरच्यांना आणायला शहापूरला गेला होता, तो आताच परतला होता.

"गाडी कुणी सांगितली?" तो त्या माणसांना विचारत होता.

"पैसे आलेत दादा, पूर्ण आलेत," तो माणूस म्हणाला.

आई आतून आली. नवी साडी, अंगभर आनंद. त्याने तिला विचारलं, "आये, हे काय हाय?"

शेजारची चंद्रीकाकी पुढे झाली. तिला वाटलं गंमतच चालली आहे. "अरं म्हशीचं हाय ते!" ती म्हणाली आणि हसायला लागली. "तुज्या आयशीनं म्हस घेतलीन ना!"

आमच्या बाजूला सगळ्या गावांतून असे बायकांचे गट आहेत. फायनान्स कंपनीचा माणूस येतो, बायकांना गटाने कर्ज देतो, दर आठवड्याला हप्ता, आणि एकीने भरला नाही तर बाकीच्यांनी भरायचा. कर्ज धंद्यासाठी, हळदीसाठी नाही. म्हणून आईने म्हैस सांगितली. साहेबाला फोटो लागतो, तर चंद्रीकाकीच्या म्हशीच्या गळ्यात हात घालून तिने फोटो काढला. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एका कल्पेशला.

"परत पाठव," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "आये, गाडी परत पाठव. मटणवाल्याला नाय सांग."

"पैसे देऊन झाले रे."

"माझ्याशी बोलायचं तरी."

"बोलले असते तर तू करून दिलं असतंस?" आई म्हणाली. "सगल्यांच्या पोरांची नावं ऐकलीत मी त्या भोंग्यावर. सगल्यांच्या. तुजं काय ऐकलं? कांदं. माज्या पोराचं नाव घेतलं आनि मांडव हसला. मी आयकत बसले. तू हसलास, तुला हसता येतं. मला नाय आलं."

मला वाटलं कल्पेश काहीतरी फोडेल, भोंगा तरी. मी तर फोडला असता. पण तो वाकला, आईच्या पायाशी पडलेली फुलं उचलून बाजूला ठेवली आणि आत हळद लावून घ्यायला गेला. दारात प्राचीची आई उभी होती. तिच्यासमोर तो आईला काय बोलणार?

मग काय, झालंच सगळं. मटण झालं, नाच झाला. जगनमामाने घसा फोडून नावं पुकारली आणि शेवटी म्हणाला, "नवऱ्यामुलाची माउली सुनंदाबाई यांच्याकडून मुलाला सोन्याची अंगठी!" ठोका पडला. सुनंदाबाईने डोळे मिटून घेतले. तिचा चेहरा त्या क्षणी असा झाला होता की मला तिचा राग येईना. राग आला तो मांडवातल्या बाकी सगळ्यांचा. कांद्यांना हसलेली तीच माणसं आता तिला डोक्यावर घेत होती आणि पानावर दुसऱ्यांदा मटण मागत होती. आणि जमलेला आहेर म्हणजे काही मिळकत नव्हे. ज्याने जेवढा दिला त्याला तेवढा, वर थोडा चढवून, परत करायचा असतो.

ते कर्ज आईच्या मजुरीतून फिटणारं नव्हतंच. गटातल्या दोन बायका बिऱ्हाडासकट वीटभट्टीवर निघून गेल्या, त्यांचा हप्ता बाकीच्यांच्या डोक्यावर आला. पोस्टातले पैसे आधी गेले. अंगठी मग गेली. प्राची गोडाऊनमध्येच राहिली. पाठीवर गोडाऊनचं नाव छापलेलं निळं जाकीट घालून ती रोज पहाटे निघते, शहापूरच्या बाजूला दोन गाड्या बदलून. तिने त्याला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, असं कल्पेशनेच मला सांगितलं. सांगताना दिसत होतं, तिने बोलून दाखवलं असतं त्यापेक्षा हे त्याला जड जात होतं.

"माझं कर्ज असतं तर फेडलं असतं ताय, रागानं," तो एकदा म्हणाला. "मागचं मी रागावरच फेडलं. ह्ये आईचं हाय. ह्याच्यावर राग पण करता येत नाय."

त्या दिवशी मला त्याला सांगायचं होतं की कर राग, बिनधास्त कर, तुझा हक्क आहे. पण मी नुसता चहा पुढे केला. त्यानंतर त्याने कायमची रात्रपाळी मागून घेतली आणि आमची भेट होईनाशी झाली. कँटीनमध्ये कोणी काही भिजत घालेनासं झालं. नवी पोरं आली, त्यांच्या हातात नवे फोन आले, आणि त्यांना दुकानाच्या दाराशी गाठणारं कोणी उरलं नाही.

मी दरवर्षी नवा तांदूळ त्याच्याच गावातून घेते. गेल्या हिवाळ्यात गेले होते. सकाळची वेळ, पोती बांधून होईपर्यंत समाजमंदिराच्या पायरीवर बसले. आत गटाची मीटिंग चालली होती. सतरंजीवर बायका रांगेने मांडी घालून बसलेल्या, समोर खुर्चीवर कर्जवाला साहेब, हातात टॅब. आणि शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, कंपनीच्या कपड्यांत कल्पेश. रात्रपाळी करून थेट आला असावा, डोळे लाल होते. आई त्या वेळी दुसऱ्याच्या खळ्यावर मजुरीला जायची, म्हणून तिच्या जागी हा. मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता, बाकीच्या बायका बसल्या होत्या तसाच. त्याने मला पाहिलं नाही, आणि मीही हाक मारली नाही.

साहेबाने टॅबवर बघत एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. बायका "हाय, हाय" करत होत्या.

"सुनंदा?"

"हाय," कल्पेश म्हणाला.

कोणी हसलं नाही. कोणी वळूनही बघितलं नाही, सगळ्यांना सवय झाली होती. साहेबाने मानही वर केली नाही.

"सुनंदाबाई, मागे नका बसू. पुढं सरकून बसा."

कल्पेश पुढं सरकून बसला.